बॅटरी ६४ टक्के: सॉफ्टवेअरमधलं कुठलं काम तुमच्या स्वभावाला मानवेल?

फ्रंटएंड (समोर दिसणारी स्क्रीन) शिकू, बॅकएंड (मागचा सर्व्हर) घेऊ, की सरळ डेटा सायन्सचा क्लास लावू? हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण भाषांची आणि अवजारांची नावं घेऊन येतात. पायथन सोपी आहे म्हणे, जावाला नोकऱ्या आहेत म्हणे, रिअ‍ॅक्टवाल्यांना मागणी आहे म्हणे. माझ्या मते या निवडीत भाषा सगळ्यात शेवटी येते. दोन-तीन वर्षं नीट काम केलेल्या माणसाला दुसरी भाषा शिकायला फार वेळ लागत नाही. कामाचं रोजचं रूप मात्र सहजी बदलत नाही: दिवस कशात जातो, चूक झाली तर ती किती उशिरा कळते, आणि कळते तेव्हा समोर कोण रागावून बसलेलं असतं. म्हणून मी एकच गोष्ट बघायला सांगतो. त्या कामात नेहमी येणारा बग, म्हणजे चूक, कसा असतो ते समजून घ्या, आणि तसला बग घेऊन चार दिवस बसवेल का ते स्वतःला विचारा.

पगाराचा मुद्दा आधीच उरकतो. एकच काम सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्यांची कामं करणाऱ्या) आणि प्रॉडक्ट कंपनीत (स्वतःची वस्तू विकणाऱ्या) केलं तर पगारात जो फरक पडतो, तो अनेकदा फ्रंटएंड आणि बॅकएंडमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. फक्त पैशासाठी शाखा बदलायची असेल तर आधी कंपनी बदलून बघा.

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच वस्तू घेऊ: इलेक्ट्रिक स्कूटर. पुणेकरांना हे उदाहरण लांबचं नाही, चेतक आकुर्डीतच तयार होते. मालक सकाळी फोनवर ॲप उघडतो आणि त्याला दिसतं, ‘बॅटरी ६४ टक्के’. हा एवढासा आकडा त्याच्यापर्यंत पोचायला निदान सहा वेगवेगळ्या प्रकारच्या डेव्हलपरांच्या हातून जातो, आणि प्रत्येकाची डोकेदुखी वेगळी असते.

गाडीच्या आत: एम्बेडेड

६४ हा आकडा खरं तर कुणी मोजलेला नसतो. बॅटरीत किती चार्ज उरला आहे हे थेट दाखवणारा सेन्सर नाही. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस, आत-बाहेर जाणारा करंट सतत मोजते, त्याची बेरीज-वजाबाकी करत राहते आणि अधूनमधून व्होल्टेज बघून तो हिशेब दुरुस्त करते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या सेलमध्ये हे आणखी अवघड, कारण मधल्या मोठ्या टप्प्यात त्यांचं व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. हा अंदाज बांधणारा कोड एम्बेडेडवाला, म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपवर काम करणारा, लिहितो, बहुधा सी भाषेत, आणि आकडा कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या भागांना जोडणाऱ्या तारांवर, सोडतो. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या या बसच्या मूळ रूपात एका संदेशात ८ बाइट मावतात. सर्व्हरवर काम करणारा तुमचा मित्र दोन किलोबाइटचं जेसन (माहिती पाठवायचा मजकूर) बिनधास्त पाठवतो. तुम्हाला मात्र तोच निरोप बिट मोजून बसवायचा असतो.

इथला नेहमीचा बग असा: कोड बरोबर आहे, तरी गाडी चालत नाही. कनेक्टर सैल असेल, सोल्डरिंग कच्चं असेल, मोटर सुरू होताना विजेचा जो गोंगाट होतो त्यात सेन्सर भलताच आकडा देत असेल. डीबगर (बग शोधायचं अवजार) जोडला की टायमिंग बदलतं आणि बग नाहीसा होतो; डीबगर काढला की पुन्हा हजर. या जातीचा सगळ्यात प्रसिद्ध बग १९९७ मध्ये मंगळावर सापडला. नासाचं पाथफाइंडर यान उतरल्यावर त्याचा संगणक मधूनच रीसेट व्हायला लागला. कमी महत्त्वाचं एक काम सामायिक साधन अडवून बसत होतं, त्यावर मधल्या महत्त्वाची कामं चढून बसत होती आणि सगळ्यात महत्त्वाचं काम वेळेत उरकत नव्हतं. ते उरकलं नाही असं दिसताच यंत्रणा स्वतःला रीसेट करत होती. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तो बग घडवून आणला आणि एक सेटिंग बदलून तिकडे पाठवली. हे वाचताना आपण त्या खोलीत असायला हवं होतं असं ज्याला वाटलं, त्याने पुढचे सगळे भाग केवळ माहितीसाठी वाचावेत.

दुसरी बाजूही बघा. वाहन उद्योगात कागद फार. मिस्रा सी हे सुरक्षित सी कसं लिहावं याचे नियम १९९८ पासून आहेत, आयएसओ २६२६२ हे वाहनांच्या सुरक्षिततेचं मानक २०११ मध्ये आलं आणि २०१८ च्या आवृत्तीत त्यात दुचाकींसाठी वेगळा भाग जोडला गेला. २०२२ मध्ये देशात स्कूटरना आगी लागल्यावर बॅटरीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. त्यामुळे गरज काय होती, त्यासाठी कुठला कोड लिहिला आणि तो कुठल्या चाचणीने तपासला याची साखळी दाखवावी लागते. आठवडाभर फक्त हेच करावं लागेल असेही आठवडे येतात. शिवाय बोर्ड, स्कोप, पॉवर सप्लाय हे सगळं लॅबमध्ये असतं, म्हणून सांगलीत घरी बसून नोकरी करायचा बेत असेल तर तो इथे जमणं कठीण. नोकऱ्याही पुणे, बेंगळुरू, चेन्नई अशा मोजक्या शहरांत एकवटलेल्या.

पण इथलं ज्ञान लवकर शिळं होत नाही. सी १९७२ च्या आसपासची आणि अजून रोजच्या वापरात. ईअँडटीसीची (इलेक्ट्रॉनिक्सची) मुलं कॅम्पसमध्ये जावाच्या नोकऱ्या घेऊन मोकळी होतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. चार वर्षं सर्किट शिकल्याचा खरा फायदा त्यांना इथे मिळाला असता.

सर्व्हरवर: बॅकएंड

गाडीतल्या सिमकार्डावरून तो ६४ बाहेर पडतो. अशा कामासाठी एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल बराच वापरला जातो. १९९९ मध्ये तो तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला तयार झाला, त्यामुळे तुटक आणि महागडं कनेक्शन त्याने गृहीतच धरलं आहे. त्यात ‘निदान एकदा तरी पोचेल’ अशी हमी मागता येते. याचा अर्थ कधी कधी दोनदा पोचेल. बॅकएंडवाल्याचं निम्मं आयुष्य या ‘कधी कधी दोनदा’मध्ये जातं.

स्कूटर सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी आहे, नेटवर्क नाही. तीन तासांनी ती बाहेर आली आणि साठलेले सगळे संदेश एकदम आले, काही दोनदा, काही उलट्या क्रमाने. आत्ताची बॅटरी ६४ की ७१? गाडीचं घड्याळ चुकलेलं असेल तर? सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेत नोंदी ठेवतो आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटे साडेपाचपर्यंतच्या फेऱ्या रिपोर्टमध्ये आदल्या दिवसात गेल्या. असले बग दिसत नाहीत. महिन्याच्या शेवटी हिशेब जुळत नाही तेव्हा कळतात.

आता त्यात पैसे घाला. चार्जिंग स्टेशनवर ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले, बँकेकडून उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला. नवशिक्याच्या कोडमध्ये दोनच शक्यता असतात, पैसे मिळाले किंवा नाही मिळाले. अनुभवी माणूस तिसरी ठेवतो: अजून कळलेलं नाही. मग त्या तिसऱ्या अवस्थेतून बाहेर यायची वाट, पुन्हा विचारणं, दोनदा पैसे कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक, हे सगळं ओघाने येतं. ज्याला असल्या ‘पण समजा असं झालं तर?’ प्रश्नांचा कंटाळा येत नाही, त्याला हे काम फळतं.

दाखवण्यासारखं मात्र काही नसतं. डेमोच्या दिवशी टाळ्या स्क्रीनला मिळतात. घरी आईने विचारलं, ‘तू नेमकं काय बनवलंस?’ तर उत्तर देणं अवघड. एम्बेडेडवाल्याचंही काम दिसत नाही, पण निदान चाक तरी फिरतं. उलट बॅकएंडमध्ये चूक सापडली की दुरुस्ती दहा मिनिटांत सगळ्यांसाठी लागू करता येते. रस्त्यावर गेलेल्या हजारो स्कूटरमधला कोड बदलायचा म्हणजे केवढा सोहळा असतो, ते एम्बेडेडवाल्याला विचारा.

टिकाऊपणात दोघेही भाग्यवान. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेचं पहिलं मानक १९८६ चं. ट्रान्झॅक्शन, इंडेक्स, लॉक या डेटाबेसच्या गोष्टी एकदा नीट समजल्या की निवृत्तीपर्यंत पुरतात. क्लासमध्ये मात्र स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कची ॲनोटेशन्स आधी शिकवतात आणि इंडेक्स शेवटच्या तासाला उरकतात.

स्क्रीनवर: फ्रंटएंड की मोबाइल?

या दोन्ही कामांना लोक एकाच खणात टाकतात. स्वभावाने ती बरीच वेगळी आहेत.

फ्रंटएंडवाला समजा सर्व्हिस सेंटरचा डॅशबोर्ड बनवतोय: नकाशावर पाच हजार स्कूटर, प्रत्येकीची बॅटरी, कुठली बिघडली आहे ते लाल रंगात. पाच हजार ठिपके एकदम काढले की ब्राउझर अडखळतो, मग ठिपक्यांचे गट करायचे, दिसणारा भागच काढायचा. केलेला बदल दोन सेकंदांत डोळ्यांसमोर येतो. हे सुख बाकी कुठल्याच शाखेत नाही, आणि ज्याला हात लावल्याबरोबर परिणाम हवा असतो त्याने ते हलक्यात घेऊ नये.

मग डॅशबोर्ड मराठीत करायचा ठरतो, कारण सर्व्हिस सेंटर साताऱ्यात आहे. ‘ओके’च्या मापाने बनवलेल्या बटणात ‘दुरुस्तीसाठी पाठवा’ मावत नाही. ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेली, म्हणून ‘र्कीं’सारख्या अक्षराचा वरचा भाग कापला जातो. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये सांगितलं की नोटो सान्ससारखे फाँट मराठी वळणाचा ल आणि श देतात. नाही सांगितलं तर हिंदी वळणाचे येतात. दहापैकी नऊ डेव्हलपरांना हा फरक दिसतही नाही. ज्या दहाव्याला तो खुपतो, तो खरा फ्रंटएंडवाला.

या शाखेत दोन त्रास आहेत. एक, स्क्रीनवर प्रत्येकाचं मत असतं. डेटाबेसच्या क्वेरीवर मत देणारा सेल्स मॅनेजर मी अजून पाहिलेला नाही, पण बटणाचा हिरवा ‘थोडा आणखी हिरवा’ करा म्हणणारे सगळ्या मजल्यांवर असतात. हे हसून घेता आलं पाहिजे. दोन, पायाखालची जमीन हलते. अँग्युलरजेएस हे फ्रंटएंडचं अवजार शिकलेल्यांना २०१६ मध्ये अँग्युलर २ आल्यावर जवळपास नव्याने शिकावं लागलं, आणि जुन्याचा आधार २०२१ च्या अखेरीस संपला. रिअ‍ॅक्टमध्ये २०१९ ला हुक्स आले आणि कोड लिहायची पद्धतच पालटली. नवं शिकायचा मुळात शौक असेल तर हा त्रास नाही. दर तीन वर्षांनी तेच काम वेगळ्या रीतीने करायला लावलं की ज्याचं डोकं सटकतं, त्याने बॅकएंडकडे वळावं.

मोबाइलमध्ये चुकीची किंमत जास्त. वेबसाइटवरची चूक दुपारी दुरुस्त केली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडे दुरुस्त होते. ॲप एकदा लोकांच्या फोनमध्ये गेलं की ते परत बोलावता येत नाही. अपडेट न करणारे ग्राहक वर्षभर जुन्याच आवृत्तीवर असतात, आणि तुमचा सर्व्हर त्यांच्याशीही बोलत राहिला पाहिजे.

स्कूटरच्या ॲपमध्ये ब्लूटूथ येतं, आणि तिथे खरी परीक्षा. अँड्रॉइड १२ च्या आधी आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला लोकेशनची परवानगी मागावी लागे. ‘स्कूटर जोडायला माझं ठिकाण कशाला हवं?’ असं चिडून विचारणारे रिव्ह्यू ठरलेले. १२ मध्ये त्यासाठी वेगळ्या परवानग्या आल्या, म्हणजे आता दोन्ही तऱ्हा सांभाळा. अँड्रॉइड ६ पासून फोन निवांत पडला की ॲपना झोपवतो, आणि काही कंपन्यांचे फोन त्याच्या वर स्वतःची बॅटरी बचत लावतात. एका ब्रँडवर नोटिफिकेशन येतं, दुसऱ्यावर येत नाही. टेबलावर पाच-सहा जुने फोन बाळगणारा आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं कधी न म्हणणारा माणूस इथे टिकतो. बारकाईने बघितलं तर मोबाइलवाला फ्रंटएंडपेक्षा एम्बेडेडला जवळचा आहे: बॅटरी, मेमरी, रेडिओ, परवानग्या, सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर.

सुरुवातीच्या खर्चातही फरक आहे. अँड्रॉइडला साधा लॅपटॉप चालतो आणि प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच भरायचे. आयफोनसाठी एक्सकोड हे सॉफ्टवेअर हवं, ते मॅकवरच चालतं, आणि ॲपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात. विद्यार्थ्याने अँड्रॉइडने सुरुवात करावी हे सांगायला यापेक्षा मोठं कारण लागत नाही. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये दोन्हींसाठी एकदाच लिहिता येतं हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण ब्लूटूथ आडवं आलं की शेवटी अँड्रॉइडच्या कोटलिन आणि आयफोनच्या स्विफ्ट या भाषांच्या पोटात शिरावंच लागतं.

आकड्यांच्या ढिगात: डेटा

कंपनीला प्रश्न पडतो: कुठल्या बॅटऱ्या वेळेआधी म्हाताऱ्या होतायत? क्लासच्या जाहिरातीत इथे मॉडेल (अंदाज बांधणारा प्रोग्राम) येतं. प्रत्यक्षात आधी येतात समुद्रातल्या स्कूटर. जीपीएसला सिग्नल मिळाला नाही आणि कोडने रिकाम्या जागी शून्य लिहिला, की गाडी शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर जाते, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. तापमानाचा एखादा सेन्सर महिनाभर २५ वरच अडकलेला असतो. एका सर्व्हिस सेंटरने बदललेल्या बॅटरीचा नवा क्रमांक जुन्यावरच लिहिलेला असतो. हे सगळं शोधून, का झालं ते विचारून, नीट करून मगच मॉडेलला हात लावायचा.

यात तीन कामं आहेत, आणि लोक ती एकात एक मिसळतात. डेटा इंजिनिअर नळ घालतो: संदेश कुठून येतात, कुठे साठतात, काल रात्रीचा जॉब का पडला. तो मनाने बॅकएंडवालाच. डेटा सायंटिस्ट प्रश्न मांडतो, आणि त्याला संख्याशास्त्राची भीती नसावी. ‘उन्हामुळे बॅटरी खराब होते की उन्हाळ्यात लोक जास्त चालवतात म्हणून?’ हा प्रश्न पायथनने सुटत नाही. ॲनालिस्ट उत्तर मॅनेजरला समजेल असं सांगतो. बारावीत गणितात रमला असाल, आणि ‘डेटावरून नक्की सांगता येत नाही’ असं महिन्याभराच्या कामानंतर मीटिंगमध्ये सांगायची हिंमत असेल, तर या. नुसतं एआय आहे म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण शेवटी एसक्यूएल लिहीत बसतात, आणि नाखूष असतात. एसक्यूएलचा त्यात काही दोष नाही.

रात्री फोन कुणाला येतो: डेव्हऑप्स

वरचं सगळं चालू ठेवणारा हा माणूस. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि सगळ्या स्कूटरचा संपर्क तुटला, डिस्क भरली, नव्या रिलीजने मेमरी खाल्ली, की फोन याला. सर्व्हरवर प्रोग्राम चालवायची अवजारं नवी: डॉकर २०१३ चं, कुबरनेटिस २०१४ चं. पण अवजारं बदलतात, रात्रीचा फोन बदलत नाही. अमेरिकन ग्राहक असला तर त्यांची भर दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. घरी लहान मूल आहे, किंवा झोप मोडली की दुसरा दिवस वाया जातो, अशांनी मुलाखतीत ऑन-कॉलची (रात्री फोन घ्यायची) पाळी किती आठवड्यांनी येते आणि तिचे वेगळे पैसे मिळतात का, हे सरळ विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

स्वभावाची परीक्षा मात्र झोपेपेक्षा वेगळी आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, थकलेला असताना, चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. बॅकअपचे अनेक मार्ग होते. गरज पडली तेव्हा त्यातले बहुतेक चालत नव्हते असं निघालं. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीने सगळा प्रकार, दुरुस्ती चालू असतानाच, जगासमोर उघडा ठेवला. तो वृत्तांत वाचून ‘गाढव होता’ म्हणणारा माणूस या कामाला उपयोगाचा नाही. ‘आपल्याकडचा बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला?’ असं ज्याच्या मनात आलं, त्याला घ्या.

टेस्टिंग

कॅम्पसमध्ये ‘डेव्हलपमेंट मिळालं नाही, टेस्टिंगला टाकलं’ हे वाक्य सुतकी चेहऱ्याने ऐकू येतं. कारणही आहे: एक्सेलमधल्या दोनशे पायऱ्या दर रिलीजला हाताने चालवायचं काम खरंच मन मारतं, आणि ते कमी होत जाणार. पण १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो अपडेट आधी थोड्या यंत्रांवर सोडून बघितला असता तर? हे विचारणं हाच टेस्टरचा धंदा. स्कूटरला नवं सॉफ्टवेअर हवेतून पाठवताना मध्येच बॅटरी काढली तर काय होईल, हे सुचणारा माणूस टीममध्ये एकच असतो. लहानपणी खेळणी मोडून बघायचात का? मग ऑटोमेशन (कोडने आपोआप तपासणं) शिका, एखादी भाषा पक्की करा, आणि डेव्हलपरने तोंड वाकडं केलं तरी बग उघडा ठेवायची चिकाटी बाळगा. नुसता ‘आत शिरायचा दरवाजा’ म्हणून टेस्टिंग घेणं मला पटत नाही. त्या दारातून पुढच्या खोलीत जायला लोकांना फार वर्षं लागतात.

सिक्युरिटी आणि गेम या दोन शाखांबद्दल थोडक्यात: दोन्हीकडे ओढ असणारे फार, पहिली नोकरी देणारे कमी. फोनवरून स्कूटरचं कुलूप उघडतं कसं हे समजल्याशिवाय ते फोडता येत नाही, म्हणून आधी बॅकएंड किंवा नेटवर्किंगमध्ये दोन वर्षं घालवलेली बरी. गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम द्यायच्या तर एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात मावण्याचं वेड असेल तरच.

मग ठरवायचं कसं?

कोर्स लावण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. रिअ‍ॅक्ट, पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस), फ्लटर, झेफिर (एम्बेडेडसाठी), कुबरनेटिस हे सगळे प्रकल्प खुले आहेत आणि त्यांच्या बगवरच्या चर्चा कुणालाही वाचता येतात. प्रत्येकाचे चार-पाच सुटलेले बग उघडा. सगळं समजणार नाही, समजायची गरजही नाही. कुठल्या चर्चेत तुम्ही ‘मग शेवटी काय निघालं?’ म्हणून तळापर्यंत गेलात आणि कुठली तिसऱ्या उत्तरावर बंद केलीत, तेवढी नोंद ठेवा. ट्यूटोरियलवर विसंबू नका, कारण ट्यूटोरियलमध्ये सगळंच जमतं.

हात घालायचा असेल तर ईएसपी३२ या चिपचा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. त्यावर तापमान मोजा, सर्व्हरला पाठवा, साठवा, फोनवर दाखवा. छोटा असला तरी हा स्कूटरचाच सगळा रस्ता आहे. कुठल्या टप्प्यावर जेवायचं विसरलात आणि कुठला टप्पा इंटरनेटवरून उचलून चिकटवलात, ते बघा. आता एआय सहायकाकडून हे सगळं लिहून घेता येतं, म्हणून ही परीक्षा थोडी बदलली आहे: त्याने लिहिलेला कोड चालेनासा झाल्यावर कुठल्या टप्प्यात तुम्ही स्वतः खोलात गेलात ते महत्त्वाचं. साधी स्क्रीन आणि साधं नोंदणीचं बॅकएंड हे सहायक बरं लिहितात. सैल कनेक्टर त्यांना दिसत नाही.

मोठ्या सर्व्हिस कंपनीत लागलात तर ही निवड बऱ्याचदा तुमच्या हातात नसते. ट्रेनिंगनंतर ज्या प्रोजेक्टला माणूस हवा तिथे टाकतात. तरी कुठून कुठे जाणं सोपं हे माहीत असू द्या. बॅकएंडमधून डेटा इंजिनिअरिंग आणि डेव्हऑप्स ही शेजारची घरं आहेत, कंपनीतल्या कंपनीतही बदलून मिळतात. फ्रंटएंडमधून रिअ‍ॅक्ट नेटिव्हमार्गे मोबाइलला जाता येतं. ऑटोमेशन करणारा टेस्टर डेव्हऑप्सला लवकर रुळतो. एम्बेडेडमधून बाहेर पडणारे पुष्कळ दिसतात. चार-पाच वर्षं वेब केल्यावर एम्बेडेडमध्ये शिरणारे फार थोडे, कारण तिथे पुन्हा फ्रेशरच्या पगारापासून सुरुवात करायची तयारी लागते. तेव्हा मन एम्बेडेड आणि दुसऱ्या कशात अडकलं असेल, आणि दोन्हीकडून ऑफर असेल, तर आधी एम्बेडेड घ्या.